सीसीएनए प्रमाणपत्र : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

नागपुरात नेटवर्कच्या कामात मला आता बारा वर्षे झाली. त्यांपैकी पहिली अकरा वर्षे कुठल्याही प्रमाणपत्राविना गेली. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने, इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या, सदर आणि धरमपेठेतले दवाखाने अशा ठिकाणी केबल ओढणे, स्विच (संगणकांच्या वायरी जिथे एकत्र जोडल्या जातात तो डबा) बसवणे आणि बंद पडलेले चालू करून देणे, हाच माझा व्यवसाय होता आणि आजही आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्कच्या कामाची परीक्षा, उत्तीर्ण झालो. पैसे मोजून घेतलेली ही वस्तू आहे, तेव्हा एखाद्या कूलरचा अनुभव लिहावा तसाच तिचाही लिहितो आहे. फरक इतकाच, की हिचा उपयोग कळायला एक पावसाळा, एक दिवाळी आणि एक उन्हाळा जावा लागला.

आधी किमतीचे सांगतो. परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आणि त्यावर कर. माझ्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती, म्हणून निम्मी आमच्या कंपनीने द्यावी अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे पडद्यावरच चित्रांतून नेटवर्क जोडून पाहण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. एका क्लासलाही मी पैसे भरले होते, ते मात्र वाया गेले. त्याबद्दल पुढे लिहितो. परीक्षा १२० मिनिटांची असते आणि तीत एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. ज्याचे सगळे आयुष्य ‘हे राहू द्या, आधी तिकडचे पाहून येतो’ असे म्हणण्यात गेले, त्याला ही अट अभ्यासक्रमापेक्षाही जड जाते.

आता मुख्य गोष्ट. कारखान्याच्या कार्यालयात संगणकाची वायर स्विचला जोडली, की सुमारे अर्धा मिनिट काहीच चालत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. दिवा नारिंगी राहतो, मग हिरवा होतो. कधी कधी तेवढ्या वेळात संगणक कंटाळून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा, कार्यालयाच्या नेटवर्कवर निरुपयोगी असा पत्ता घेऊन बसतो आणि मग वायर काढून पुन्हा लावावी लागते. यावर माझ्याकडे ठरलेले दोन उपाय होते : समोरच्या माणसाला चहा घेऊन यायला सांगणे, आणि तरीही जमले नाही तर संगणक पुन्हा सुरू करणे. दोन्ही उपाय लागू पडत असल्याने कारण शोधण्याची गरज मला अकरा वर्षांत कधी वाटली नाही.

कारण मला अभ्यासात सापडले. स्विच एकमेकांना चुकून वर्तुळात जोडले गेले तर त्यांतली माहिती अखंड फिरत राहू नये, म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत तयार केली. तिच्या मूळ नियमाप्रमाणे नव्याने जोडलेले पोर्ट (स्विचवरचे वायर खोचायचे भोक) १५ सेकंद नुसते ऐकते, पुढचे १५ सेकंद पलीकडे कोण आहे ते शिकते आणि त्यानंतरच वाहतूक सोडते. माझे ‘अर्धे मिनिट’ ते हेच. ज्या पोर्टला फक्त संगणक लागणार आहे तिथे पोर्टफास्ट नावाची एका ओळीची आज्ञा दिली की ही प्रतीक्षा संपते. त्या रात्री मी वही मिटून ठेवली आणि इतक्या वर्षांत चहाला पाठवलेल्या माणसांचा हिशेब करत बसलो. पुढच्या आठवड्यात माझ्याकडच्या तीन ग्राहकांच्या स्विचवर ती ओळ घातली. त्याबद्दल कोणी आभार मानले नाहीत, कारण काही बिघडणे बंद झाले तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

ज्ञानाचा हा प्रकार हाताने काम करून मिळत नाही, असे माझे आता मत झाले आहे. हात उपाय शिकतात. उपाय लागू पडला की शिकणे तिथेच थांबते.

दसऱ्याच्या साफसफाईत याचा दुसऱ्यांदा प्रत्यय आला. बुटीबोरीतल्या एका कारखान्याचे संपूर्ण नेटवर्क सकाळी अकरा वाजता ठप्प झाले. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. पूर्वी मी एकेक वायर उपटत बसलो असतो आणि दुपारपर्यंत दोषी वायर सापडलीही असती. या वेळी मुख्य स्विचच्या नोंदी उघडल्या, तर तेच ते मॅक पत्ते, म्हणजे यंत्रांचे ओळखक्रमांक, दोन पोर्टांच्या मध्ये हेलकावे खाताना दिसले. त्यांतल्या एका पोर्टच्या मागावर हिशेब विभागात गेलो, तर टेबलाखाली आठ पोर्टांचा एक स्वस्त स्विच होता आणि झाडूपोछा करताना मोकळे लोंबणारे वायरचे टोक कोणीतरी सद्हेतूने त्याच स्विचमध्ये खोचून ठेवले होते. स्विचमधून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला, म्हणजे इथरनेटच्या चौकटीला, आयपी पाकिटासारखा आयुष्य मोजणारा रकाना नसतो, त्यामुळे असे वर्तुळ तयार झाले की ती फिरतच राहते. वीस मिनिटांत काम झाले.

मात्र मे महिन्याने माझी चांगलीच जिरवली. हिंगण्याच्या एका गोदामात वजनकाट्यावरचा संगणक रोज दुपारी दोननंतर मुख्य कार्यालयापासून तुटत असे आणि संध्याकाळी आपोआप जोडला जात असे. बाहेर ट्रकची रांग लागे. प्रमाणपत्राचा ताजा अभिमान असल्याने मी दोन दुपारी लॅपटॉप उघडून डुप्लेक्स (दोन्ही टोकांची माहिती पाठवण्या-घेण्याची पद्धत जुळते का ते) तपासले, त्रुटींचे आकडे पाहिले, पत्त्यांचे वाटप पाहिले. सगळे जागच्या जागी होते. तिसऱ्या दिवशी तिथले वयस्कर इलेक्ट्रिशियन काका, जे एवढा वेळ काही न बोलता बिडी विझवून उभे होते, म्हणाले, “भाऊ, त्या डब्याला हात लावून पाहा बरं एकदा.” स्विच ज्या लोखंडी पेटीत होता ती पश्चिमेच्या भिंतीवर, टिनाच्या पत्र्याखाली होती. हात टेकवत नव्हता. त्या स्विचची मर्यादा ४५ अंशांची. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा तिथवर जातो, पेटीच्या आत काय असेल ते वेगळे सांगायला नको. पेटी आतल्या भिंतीवर हलवली आणि तक्रार संपली. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आयपी जोडणीला २५ टक्के आणि सुरक्षेला १५ टक्के वजन आहे. टिनाच्या पत्र्याला नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल; पण नागपुरात काम करणाऱ्याने ही उणीव गृहीत धरावी.

वापरात न आलेल्या भागाबद्दल थोडक्यात : ओएसपीएफ हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल मी जीव तोडून शिकलो आणि अकरा महिन्यांत एकदाही लावला नाही. स्वयंचलनाला १० टक्के वजन आहे, त्याचीही तीच गत. दोन इमारती आणि चार स्विच एवढ्याच संसारात त्यांना जागा नाही.

पगाराचा प्रश्न सर्वजण विचारतात. पगार वाढला, परंतु माझे काम सुधारले म्हणून नव्हे. निविदांमध्ये प्रमाणित अभियंत्यांची यादी जोडण्याची अट अनेकदा असते, आणि माझ्या प्रमाणपत्राची प्रत अशा दोन निविदांना जोडली गेली. ज्या कागदाने मला अर्ध्या मिनिटाचे कारण शिकवले, त्याची किंमत माझ्या साहेबांच्या लेखी फाइलमधल्या एका पानाइतकी आहे. याचे मला वाईट वाटत नाही; निम्मे शुल्क त्यांनी उगाच दिले नव्हते. मिहानमधल्या कंपन्यांत अर्ज करणाऱ्या माझ्या मित्रांचा अनुभवही असाच आहे, की प्रमाणपत्रामुळे मुलाखतीला बोलावणे येते, मात्र पुढचे सगळे समोरासमोर ठरते.

समोरासमोर काय होते, ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. जानेवारीत आम्ही एका मदतनिसासाठी मुलाखती घेतल्या. एका मुलाकडे हेच प्रमाणपत्र होते आणि तोंडी उत्तरे माझ्यापेक्षा सफाईदार होती. मी त्याच्यापुढे स्विच, त्याच्याशी थेट बोलण्यासाठीची कन्सोल केबल आणि लॅपटॉप ठेवला आणि स्विचमध्ये लॉगिन करायला सांगितले. पॅकेट ट्रेसरमध्ये कन्सोल केबल म्हणजे फिकट निळी रेघ असते. ती दोन चित्रांवर टिचकी मारून जोडली की झाले. खऱ्या केबलला यूएसबीचे जोडटोक लागते, त्याचा ड्रायव्हर लागतो, संवादाचा वेग ९६०० ठेवावा लागतो. मुलगा केबलचे टोक बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिला. नंतर बोलताना कळले, की मी ज्या क्लासमध्ये पैसे घालवले होते तिथेच तोही होता. तिथे शिकवण्याऐवजी परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना सगळे डम्प म्हणतात, ते पाठ करून घेत असत. मी दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडलो; त्याच्या वडिलांनी पूर्ण फी भरली होती. माझा राग त्या मुलावर नाही.

या बाबतीत रेड हॅट या लिनक्स प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीची आरएचसीएसए परीक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. तीत बहुपर्यायी प्रश्न नसतात. चालू यंत्रावर काम करून दाखवावे लागते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते काम टिकले नसेल तर गुण मिळत नाहीत. ज्यांचा कल लिनक्सकडे आहे त्यांनी पैसे तिथे घालावेत.

सीसीएनएची मुदत तीन वर्षांची असते. पुन्हा परीक्षा देऊन किंवा शिक्षणाचे ३० गुणांक जमवून ती वाढवता येते. मी वाढवणार आहे, अर्थात कंपनीने पुन्हा निम्मे दिले तर. पहिल्या वर्षीच मी ही परीक्षा दिली असती तर ती इतकी कामी आली असती का, याची मला शंका आहे, कारण तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाने मला छळलेले नव्हते.

माझा भाचा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. “मामा, क्लास लावू का?” असे त्याने विचारले, तेव्हा भंगारात निघालेला चोवीस पोर्टांचा एक स्विच आणि माझी जुनी कन्सोल केबल मी त्याच्या घरी नेऊन दिली आणि आधी याला बोलता कर, मग परीक्षेचा फॉर्म भर, असे सांगितले. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, की केबल लागली, ड्रायव्हरही बसला, पण पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरे येत आहेत. वेग किती ठेवला आहेस, एवढेच मी विचारले.