स्कूबामधलं पुढचं पाऊल: पुढचा कोर्स की अनुभवी डायव्हरची सोबत?

ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं कार्ड मिळालं की साधारण १८ मीटरपर्यंत उतरता येतं. पण पाण्यात स्थिर राहणं, टाकीतली हवा पुरवून वापरणं, बडीकडे म्हणजे जोडीदार डायव्हरकडे लक्ष ठेवणं हे कोर्समधल्या मोजक्या डाइव्हमध्ये अंगवळणी पडत नाही. आता पैसे आणि वेळ पुढच्या कोर्सवर घालवावेत, की एखाद्या जाणत्या डायव्हरबरोबर उतरत राहावं?

पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स ५ डाइव्हचा असतो. त्यात खोल डाइव्ह आणि दिशाज्ञान सक्तीचं. तो झाला की मर्यादा ३० मीटरवर जाते. नाव भारदस्त असलं तरी प्रत्येक विषयाची तोंडओळखच होते. तोल सावरत नसताना खोली वाढवण्याची घाई मला पटत नाही. रेस्क्यू कोर्सची गोष्ट मात्र निराळी. घाबरलेल्या डायव्हरला शांत करणं, बेशुद्ध माणसाला वर आणणं याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. तो कोर्स कराच.

तोल साधायचा असेल तर माझं मत सोबतीच्या बाजूने. श्वास आत घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली; पण हा परिणाम क्षणभर उशिरा दिसतो, आणि नवखा माणूस तेवढ्यात बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटचं, बटण दाबून मोकळा होतो. त्यात वरच्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि जॅकेटमधली हवा निम्मी आकसते, म्हणून तिथे तोल सर्वात जास्त बिघडतो. खाली उतरण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनाचंही तसंच. १२ लिटरच्या टाकीत २०० बारला भरलेली हवा जवळपास ३ किलोची असते, म्हणजे शेवटाकडे टाकी चांगलीच हलकी होते. जाणता माणूस ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना काही मिनिटं थांबायच्या टप्प्याला), टाकीत ५० बार उरले असताना, बीसीडी रिकामी करायला सांगतो. संथ श्वास घेत तिथेच तरंगलात तर वजन बरोबर. बुडू लागलात तर पुढच्या वेळी एक किलो कमी. असं डाइव्हमागून डाइव्ह बघत बसायला कोर्सच्या प्रशिक्षकाला वेळ कुठे असतो?

सोबतीतला धोका म्हणजे त्या माणसाच्या वाईट सवयीही आपल्याला लागतात. आणि तो कितीही मुरलेला असला तरी त्याच्या भरवशावर तुमच्या प्रशिक्षणापलीकडच्या खोलीत, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरू नका.

ब्रिटनमधल्या १९५३ साली सुरू झालेल्या बीएसॅक (BSAC) या डायव्हिंग संघटनेच्या क्लबांमध्ये बहुतेक प्रशिक्षक स्वयंसेवक सभासदच असतात, त्यामुळे कोर्स आणि सोबत एकाच ठिकाणी मिळतात. असा क्लब जवळ असेल तर आधी तिथे चौकशी करा.

नसेल, तर माणूस पारखून घ्या. किती डाइव्ह झाल्या हे नंतर विचारा. आधी त्याचे फिन तळाची वाळू उडवतात का, तो तुमचा गेज (टाकीत किती हवा उरली ते) विचारतो का, हे बघा. आणि तुम्ही अंगठा वर करून डाइव्ह संपवलीत, तर तो कुरकुर न करता लगेच सोबत वर येतो का, तेही.