घाटाची चित्रं पुरे, छाटणीचं चित्र बघा

नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत, बंगल्याच्या तळमजल्यावर एक छोटी गॅलरी आहे. दोन खोल्या आणि मधला पॅसेज, एवढाच पसारा. तिथं सध्या नाशिक जिल्ह्यातल्या सात-आठ चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन लागलंय. आधीच सांगून टाकतो, माझं फ्रेमिंगचं दुकान आहे आणि यातल्या काही फ्रेमा आमच्याकडूनच गेल्यात. त्यामुळे फ्रेमांचं कौतुक करणार नाही. नावं मात्र ठेवीन.

शिरल्या शिरल्या घाट. पहिल्या खोलीच्या तिन्ही भिंतींवर गोदाघाटच. नारोशंकराचं शिखर, छत्रीखाली बसलेले गुरुजी, ओल्या पायऱ्या, धुणं आपटणाऱ्या बायका, पहाटेचं धुकं. हात चांगला आहे, शंकाच नाही. ओल्या कागदावर रंग सोडून धुकं उतरवायचं म्हणजे वर्षं घालवावी लागतात. पण नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात हा घाट रंगवला, तेव्हापासून नाशकात ब्रश धरणारा जो तो आधी रामकुंडावर जाऊन बसतो. तुपे घाट बघून रंगवत होते. ही मंडळी तुप्यांची चित्रं बघून रंगवतात की काय, असं वाटत राहिलं. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीतला, मोबाइल उंच धरून आरतीचं शूटिंग करणाऱ्यांचा, गाडी लावायला जागा शोधणाऱ्यांचा घाट एकाही चित्रात नाही.

अपवाद एकच, कोपऱ्यातलं पुराचं चित्र. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती छातीपर्यंत पाण्यात आणि बाकी कागदभर नुसतं पाणी. आभाळ नाही, मंदिरं नाहीत. पूर किती चढलाय हे आपण नाशिककर या मारुतीवरूनच मोजतो, त्यामुळे मोजपट्टी आणि पाणी एवढंच काढलं तरी गोष्ट पुरी होते. पाण्याचा रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा, अगदी खरा. कागद मात्र पातळ वापरलाय. एवढं पाणी खेळवायचं तर तीनशे ग्रॅमचा, म्हणजे जाड कागद लागतो, नाहीतर तो फुगतो. इथं फुगलाय, आणि नेमका पुराच्या पाण्यातच फुगलाय, म्हणून चक्क शोभतो. पण काच थेट कागदाला टेकवलीय. मधे माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा कागदाला बुरशी धरते. घेणार असाल तर घरी नेण्याआधी फ्रेम बदलून घ्या, कुठूनही घ्या.

पॅसेजमध्ये तांबट आळीवरचे लिनोकट आहेत, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर काढलेले ठसे. काळं-पांढरं काम. हंड्यावर हातोडीचा जो एकेक ठोका दिसतो, तो चित्रकारानं लिनोवर एकेक टवका उडवून कोरलाय. हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून जवळ जा. माझ्यासमोर एका गृहस्थांनी विचारलं, "ओरिजिनल कुठंय?" चित्रकारानं न वैतागता समजावलं: खाली पेन्सिलीनं ४/१५ लिहिलंय, म्हणजे या ठशाच्या पंधराच प्रती काढल्या, त्यातली ही चौथी, पंधराही ओरिजिनलच. गृहस्थ म्हणाले, "मग पंधरावी स्वस्त असेल." नाही, सगळ्या अठराशेलाच आहेत. मी एक घेतली. मागचा कागद उचकटून पाहिला तर प्रत माउंटला सेलोटेपनं चिकटवलेली! टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो, मग तो डाग निघता निघत नाही. गव्हाची खळ आणि पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या, एवढ्यात काम होतं. हे चित्रकाराला तिथंच सांगितलं, त्यानं लिहूनही घेतलं.

दुसऱ्या खोलीत चार मोठे अमूर्त कॅनव्हास आहेत. रंग छान. मला काही कळलं नाही आणि चित्रकार जेवायला गेला होता.

मग वारली. खरं सांगायचं तर वारली म्हटलं की मी पुढे सरकतो, कारण तारपा नाचाचं तेच वेटोळं आता चहाच्या कपापासून सोसायटीच्या कंपाउंडपर्यंत सगळीकडे असतं. इथं पेठ तालुक्यातल्या एका तरुणीची दोनच चित्रं आहेत, शेण आणि गेरूनं सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठानं काढलेली. पहिल्यात लग्नाचा चौक आहे. तो घरच्या भिंतीवर सवाशिणी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, आत पालघट देवी असते, हे तिनं नीट सांगितलं. कडेची नक्षी इतकी बारीक, की मला चष्मा काढून नाक लावावं लागलं.

दुसरं चित्र ऑक्टोबर छाटणीचं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येतात, ते. वर पिकअप, तिच्यात दाटीनं भरलेली डोकी. खाली बागेच्या ओळी, तारांना बांधलेल्या झोळ्या आणि छाटणीच्या कात्र्या धरलेल्या बायका. वारलीत माणसाचं अंग दोन त्रिकोणांचं. इथं कात्रीही तशाच दोन त्रिकोणांची, त्यामुळे लांबून हात कुठं संपतो नि कात्री कुठं सुरू होते ते कळत नाही. बागेचा मालक कुठं दिसत नाही. मी म्हटलं, हे फारसं कुणी काढत नाही. ती म्हणाली, "नाच सगळ्यांना हवा असतो, काका. तो लगेच विकला जातो." मग हे का काढलं? "आम्ही जातो ना दरवर्षी."

साडेआठ हजार किंमत लावलीय. आख्ख्या प्रदर्शनात एवढं एक चित्र नवं आहे, आणि ते लावलंय कुठं, तर स्विचबोर्डशेजारी, दाराआड. दार उघडं असलं की अर्धं झाकतं. ते आपणच लोटून घ्या.

गॅलरीबद्दल: उजेड ट्यूबलाइटचा, शिवाय एकच स्पॉटलाइट, तोही काचेवर पडतो. जलरंगांपुढे उभं राहिलं की आधी स्वतःचंच तोंड दिसतं. नावांच्या चिठ्ठ्या कमरेच्या उंचीवर आणि अक्षर मुंगीएवढं. काही चिठ्ठ्यांवर "किंमत विचारा" लिहिलंय. हे बंद करा. आपल्याकडे माणूस विचारायला लाजतो आणि निघून जातो. घासाघीस करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विक्रीतला ठरलेला हिस्सा गॅलरी घेते, आणि तुम्ही कमी करून घेतलेले पैसे बहुतेक चित्रकाराच्या वाट्यातून जातात. एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. चित्रकार स्वतः हजर असतात, शाळेतली पोरं आली तरी उठून बोलतात, हाकलत नाहीत.

प्रवेशाला पैसे नाहीत. दाराशी तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही; आजी-आजोबांना हात द्यावा लागेल. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर सगळे चित्रकार भेटतात, दुपारी निम्मेच. कॅनव्हास विकत घेतलात तर बबलरॅप थेट रंगावर गुंडाळू देऊ नका, त्याचे गोल ठसे उमटतात. आधी बटर पेपर मागा. नसेलच, तर माझ्या दुकानातून नेलेला एक रोल तिथं टेबलाखाली ठेवलाय.