कोर्स संपल्यानंतरची काळजी : पुण्यातील एका पोटविकार केंद्राचा अनुभव

जठरात राहून सूज आणणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर औषधे लिहून देणारे दवाखाने पुष्कळ आहेत; तो जंतू खरोखरच गेला की नाही याची खात्री करून घेणारे मात्र थोडे. पुण्यातील ज्या केंद्रात मी उपचार घेतले ते त्या थोड्यांपैकी आहे, म्हणून हे लिहीत आहे.

दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागाला सूज दिसली. तेथून काढलेला, तांदळाच्या कणीएवढा तुकडा डॉक्टरांनी पिवळ्या जेलमध्ये ठेवला आणि घशाचा बधिरपणा उतरण्याची वाट पाहत मी बाहेर बसले असताना, गडद गुलाबी झालेले ते जेल मला मुद्दाम आणून दाखवले. जेलमध्ये युरिया असतो; हा जंतू त्यापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे रंग पालटतो. याच अमोनियाच्या आधाराने तो जठरातील आम्लातही तग धरतो.

दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी असा १४ दिवसांचा कोर्स होता. तोंडाला धातूसारखी कडवट चव येईल, याची कल्पना आधीच दिलेली होती.

कोर्स संपूनही जळजळ थांबेना, तेव्हा मी धास्तावले. डॉक्टरांनी वीस मिनिटे बसून समजावले, की जठराच्या आतील अस्तराचा पृष्ठभाग दर काही दिवसांनी नवा होतो आणि जंतू गेल्यावर तीव्र दाहाच्या पेशी काही आठवड्यांत ओसरतात. परंतु दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) कमी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. झिजलेले अस्तर काही अंशी भरून येते. आतड्यासारखे रूप घेतलेला भाग मात्र बहुधा तसाच राहतो. माझ्या बायोप्सीत तसा बदल नव्हता, हे त्यांनी अहवालातील ओळीवर बोट ठेवून सांगितले.

दरम्यान दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मला रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी सुचवली होती. जंतू गेल्यावरही ती अनेक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे बरे झाल्याची खात्री तिच्यावरून होत नाही. केंद्राने प्रतिजैविके संपून ४ आठवडे आणि आम्लाची गोळी थांबवून २ आठवडे होईपर्यंत थांबवले व मगच श्वासचाचणी, म्हणजे सोडलेल्या श्वासावरून जंतू आहे का हे पाहणारी चाचणी, केली. ती निगेटिव्ह आली.

उणीव एकच : ही चाचणी तेथे आठवड्यातून एकाच दिवशी होते आणि उपाशीपोटी बराच वेळ ताटकळावे लागते. कोर्स सुरू करतानाच तिची तारीख मागून घ्यावी.