खुपऱ्यांची तपासणी : काम चोख, अहवाल मात्र वाऱ्यावर

शहादा तालुक्यातील आमच्या गावी दिवाळीनंतर एका फिरत्या नेत्रपथकाने खुपऱ्यांच्या, म्हणजे ट्रॅकोमा या पापणीच्या आत होणाऱ्या संसर्गजन्य डोळ्यांच्या रोगाच्या, तपासणीचे शिबिर घेतले. मोतीबिंदूची शिबिरे आपल्याकडे नवी नाहीत. गाडी येते, म्हातारी माणसे तिच्यात बसून जातात, डोळ्याला पट्टी बांधून परततात आणि आठवड्याभरात ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओळखू लागतात. हे शिबिर मात्र वेगळे होते, कारण येथे काहीच तक्रार नसलेल्या लहान मुलांच्या पापण्या उलटून पाहायच्या होत्या, काहींच्या डोळ्यांतून स्वॅब घ्यायचा होता आणि त्याच्या मोबदल्यात कोणालाही चष्मा किंवा ऑपरेशन मिळणार नव्हते. म्हणूनच या सेवेविषयी लिहिताना डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच लोक रांगेत का थांबले आणि का निघून गेले, हेही सांगणे भाग आहे.

तपासणीबद्दल मला तक्रार नाही. तपासनीस मुलाला खाली पाहायला सांगतो, वरच्या पापणीचे केस धरून पापणी उलटी करतो आणि डोळ्यांवर लावलेल्या भिंगातून आतला गुलाबी भाग पाहतो. तेथे अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे पाच तरी पांढुरके दाणे दिसले, तर ती खुपऱ्यांची चालू अवस्था मानली जाते. ही मोजणी जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ साली ठरवून दिलेल्या पद्धतीची आहे. एका मुलाला मिनिटभरही लागत नाही. दुखत नाही, पण पापणी उलटली की क्षणभर विचित्र वाटते आणि डोळ्याला पाणी येते. नेमके तेवढेच रांगेतल्या पुढच्या मुलाला दिसते आणि तो आईच्या पदराआड जातो.

स्वॅब कशासाठी, याचे उत्तर पथकातील डॉक्टरांनी नीट दिले, पण विचारल्यावर दिले. आपल्याकडे उन्हाळ्यात, विशेषतः मुलग्यांना, डोळे खाजण्याची जी ॲलर्जी होते तिच्यातही पापणीच्या आत उंचवटे येतात, आणि खुपऱ्या दुर्मीळ झालेल्या भागात केवळ पाहून केलेले निदान चुकण्याचा संभव वाढतो. पापणीच्या आतून फिरवलेला बोळा प्रयोगशाळेत गेला, की तेथे पीसीआर तपासणीत खुपऱ्या करणारा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू आहे की नाही ते कळते. ही माहिती चार ओळींत लिहून शाळेच्या फळ्यावर लावली असती, तर सकाळचा निम्मा गोंधळ टळला असता.

गोंधळ झाला तो स्वॅबच्या काडीवरून. ती काडी पाहताच २०२० सालच्या आठवणी वर आल्या, आणि त्या साली जळगावपासून नंदुरबारपर्यंत ज्यांनी माणसे गमावली त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. रांगेतल्या एका आजीने सरळ विचारले, "करोनानागत कोंडी ठेवतीन का?" तिला कोणी हसले नाही, कारण प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. आशाताईंनी तिला समजावले, की या आजारात कोणाला कोंडत नाहीत, सापडलाच तर औषध देतात. मुलीच्या आयांची चिंता निराळी होती. डोळ्याचा रोग म्हणून नाव कागदावर चढले, तर उद्या सोयरीक जुळवताना कोणीतरी ते काढील, असे एका बाईने माझ्या पत्नीजवळ बोलून दाखवले. शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणतील. मला तो गावातील कागदांच्या अनुभवातून आलेला हिशेब वाटतो, कारण शिबिराची नोंदवही टेबलावर उघडी पडलेली होती आणि येणारा-जाणारा तिच्यात डोकावत होता.

सर्वांत रास्त हरकत मात्र स्वच्छतेची होती. डोळे आल्याच्या साथीत एकमेकांचा रुमाल वापरू नका, असे आपणच लोकांना सांगतो. मग तीच बोटे एका मुलाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर जात असतील तर आईने काय समजावे? तपासनीस प्रत्येक मुलानंतर सॅनिटायझरने हात चोळत होता आणि स्वॅबच्या वेळी हातमोजे बदलत होता, हे मी स्वतः पाहिले. पण तो हे सारे वर्गात, हिरव्या पडद्यामागे करत होता. बाहेरच्यांना दिसत होते ते आत जाणारे कोरडे डोळे आणि बाहेर येणारे ओले डोळे. जेवणाच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून टेबल व्हरांड्यात आणले, तेथे उजेडही चांगला होता आणि हात धुतल्याचे सगळ्यांना दिसत होते; सकाळी निघून गेलेल्या बायांपैकी काही जणी मुलांना घेऊन परत आल्या. लोकांचे मन वळवण्यासाठी पथकाने जी छापील पत्रके आणली होती, त्यांतले एकही या टेबलाइतके उपयोगी पडले नाही.

गावातील एका निवृत्त पाटलांनी विचारले, की देश तर खुपऱ्यामुक्त झाला, मग आता हे कशाला? प्रश्न चुकीचा नाही. २०१४ ते २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांमधील चालू खुपऱ्यांचे प्रमाण ०.७ टक्के, म्हणजे निर्मूलनासाठी ठरलेल्या पाच टक्क्यांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आढळले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताने या रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केल्याचे मान्य केले. पण त्याचा अर्थ जिवाणू नाहीसा झाला असा नाही. पाळत ठेवावीच लागते. शिवाय लहानपणी वारंवार झालेल्या खुपऱ्यांचे वण उतारवयात आकसतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. १९६३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाच्या काळात जी मुले होती, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत.

आणि नेमके तेच लोक या शिबिरात कमी आले. जगभरात या रोगाने अंधत्व येण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये चौपटीपर्यंत जास्त आहे, कारण लहान मुलांचे डोळे, नाक पुसणाऱ्या त्याच असतात. आमच्या शेजारच्या काकू गेली कित्येक वर्षे सुनेकडून चिमट्याने पापणीचे केस उपटून घेतात; ते पुन्हा उगवतात, अधिक राठ टोचतात, आणि काकू उन्हात एक डोळा मिटून चालतात. त्यांना शिबिराची बातमी संध्याकाळी कळली, कारण दिवसभर त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला शिबिर ठेवणे म्हणजे मजुरी बुडवू शकणाऱ्यांनीच यावे असे सांगण्यासारखे आहे. ऊसतोडीला गुजरातकडे गेलेल्या कुटुंबांची मुले तर मोजणीतच आली नाहीत.

आता अहवालाबद्दल. ज्या मुलांच्या पापणीत दाणे दिसले त्यांच्या पालकांना जागेवरच औषध आणि तोंडी सूचना मिळाल्या, हे चांगले झाले. पण स्वॅब घेतलेल्या मुलांना क्रमांकाची चिठ्ठी दिली गेली नाही, निकाल कोण कळवणार ते सांगितले गेले नाही, आणि हे लिहीपर्यंत आशाताईंकडेही काही आलेले नाही. निकाल 'काही नाही' असा असला तरी तो आईला कळायला हवा. मूल रडत असताना तिने त्याचे डोके धरून ठेवले, ती त्या निकालासाठीच. पुढच्या वेळी हीच आई काडी पाहून नाही म्हणाली, तर तिला जागरूकतेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला राहील?

एकंदरीत तपासणीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, माहिती देण्याला अडीच आणि निकाल कळवण्याला शून्य. सेवा विनामूल्य आहे, कर्मचारी सौम्य आहेत, ते कोणावर जबरदस्ती करत नाहीत आणि नको म्हणणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा हटकतही नाहीत. पथक तुमच्या गावी येणार असेल तर मुलांना त्या सकाळी काजळ घालू नका, कारण ते पुसण्यातच मूल निम्मे रडून घेते. घरात केस टोचण्याची तक्रार असलेली म्हातारी असेल तर तिला त्या दिवशी शेतावर पाठवू नका. पापणी सरळ करण्याची शस्त्रक्रिया छोटी असते, सरकारी रुग्णालयात ती करून मिळते, मात्र केस पुन्हा वळू शकतात म्हणून नंतरही दाखवत राहावे लागते. स्वॅब दिला तर नमुन्याचा क्रमांक आणि निकाल सांगणाऱ्याचा फोन कागदावर लिहून घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.