सेकंड इयरनंतर इंजिनिअरिंग सोडावं, की डिग्री घेऊन मग वाट बदलावी?

चौथ्या सेमचा निकाल हातात आहे, मन मानसशास्त्रात, कायद्यात किंवा डिझाइनमध्ये अडकलंय, आणि घरी "आता दोनच वर्षं तर राहिलीत" हे रोज ऐकावं लागतंय. अशा वेळी रस्ते दोन. आत्ताच सोडून दुसऱ्या शाखेत पहिल्या वर्षाला बसायचं, किंवा बी.ई. उरकून पुढच्या शिक्षणात विषय बदलायचा.

ब्रांच बदलणं हा तिसरा रस्ता म्हणून सांगतात, पण ती सोय मुख्यतः पहिल्या वर्षानंतरची आणि रिकाम्या जागा व गुणवत्ता बघून मिळणारी. मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला फक्त नोकरीसाठी जायचं असेल, तर घाऊक भरती करणाऱ्या बऱ्याच आयटी कंपन्या ब्रांचपेक्षा ६० टक्के आहेत का आणि केटी (नापास राहिलेला विषय) शिल्लक नाही ना, हे बघतात. तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आधी वर्षांचा हिशेब, कारण "वर्षं वाया जातील" हे वाक्य दोन्ही बाजूंनी न मोजताच फेकलं जातं. दुसऱ्या वर्षानंतर सोडून बी.ए. आणि एम.ए. केलं, तर २ अधिक ३ अधिक २, म्हणजे ७ वर्षं. बी.ई. पूर्ण करून थेट एम.ए. केलं, तर ६. पहिल्या वर्षानंतर सोडणाऱ्याची मात्र दोन्हीकडे ६च होतात. म्हणजे ज्या क्षेत्रात मास्टर्स लागणारच आहे, तिथे फुकटात सोडायची वेळ पहिल्या वर्षाअखेर संपते. त्यानंतर सोडायचं, तर एक जादा वर्ष मोजायची तयारी हवी.

पण हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा नव्या विषयाचं दार कुठल्याही पदवीधराला उघडं असतं. सगळी मेख इथे आहे.

कायदा घ्या. आत्ता सोडून पाच वर्षांच्या एलएल.बी.ला गेलात, तर २ अधिक ५, एकूण ७. बी.ई. करून तीन वर्षांची एलएल.बी. केली, तरी ७च. तेवढ्याच काळात हातात एक पदवी जास्त येते, आणि कायद्यात ती शोभेची नसते: पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागतेच. कायद्यासाठी इंजिनिअरिंग मध्येच सोडण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

डिझाइनमध्ये तर आयआयटीपुरता प्रश्नच मिटतो. बी.डेस.ची यूसीड परीक्षा बारावीच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्याच वर्षी देता येते, त्यामुळे सेकंड इयर झालेल्याला ती वाट बंद. एम.डेस.ची सीड मात्र कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात याच वाटेने आलेले इंजिनिअर कमी नाहीत. एमबीए, समाजकार्य, पत्रकारिता, यूपीएससी, एमपीएससीची राज्यसेवा यांनाही कुठलीही पदवी चालते. शाळेत शिकवायचं असेल, तर विज्ञान-गणित घेतलेल्या बी.ई.वाल्याला ५५ टक्क्यांवर बी.एड. करता येतं.

आता उलटी बाजू. आर्किटेक्ट व्हायचं असेल, तर पाच वर्षांच्या बी.आर्क.ला पर्याय नाही, आणि डॉक्टर व्हायचं असेल, तर नीटला. तिथे बी.ई. पूर्ण करणं म्हणजे दोन वर्षं उगाच लांबवणं. मानसशास्त्र मधलं, आणि म्हणून सर्वांत अवघड. नियमित एम.ए.ला बऱ्याच ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असलेलेच विद्यार्थी घेतात. २०२२पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिल्यावर "बी.ई. करता करता मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राची बी.ए." हा सोपा तोडगा निघाला होता. पण २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमच थांबवले. अर्थशास्त्र, इतिहास, मराठीसाठी ती सोय अजून आहे, आणि वापरावी. समुपदेशन किंवा क्लिनिकल काम हेच आयुष्यात करायचं पक्कं असेल, तर मात्र मी म्हणेन, सोडा.

तेही विषय उघडून बघितल्यावर. नव्या विषयाचा पहिला धडा सगळ्यांनाच आवडतो. तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढून वाचा. मानसशास्त्रात संख्याशास्त्र असतं, एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताला, कंटाळून पळालेल्याला ते तिथेही गाठतं. कायद्यात दिवाणी प्रक्रिया संहिता असते. हे वाचूनही ओढ टिकली, तर ती विषयाची. नाहीतर वैताग कॉलेजचा, सबमिशनचा किंवा हॉस्टेलचा असतो, आणि त्याला शाखा बदलणं हा फार महागडा इलाज आहे.

"डिग्री घे, मग काय ते कर" म्हणणारे हमखास डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण देतात: कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमीवर. उदाहरण खरं आहे, पण लागूंना आधीचा पेशा येत होता. तीन केट्या डोक्यावर घेऊन रडतखडत चाललेल्याला ते लागू होत नाही. दोनदा इयर डाऊन झालं, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं, की चार वर्षांची बी.ई. सहा वर्षांवर जाते आणि वर लिहिलेलं सगळं गणित उलटतं. मग आत्ता सोडणंच स्वस्त.

झालेल्या अभ्यासाची क्रेडिट्स नव्या शैक्षणिक धोरणामुळे (एनईपी) पुढे नेता येतील, या भरवशावर सोडत असाल, तर जरा थांबा. क्रेडिट बँकेत तुमची क्रेडिट्स ७ वर्षं राहतात, पण इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची क्रेडिट्स बी.ए.च्या मुख्य विषयात कुणी धरणार नाही. दोन वर्षांनी बाहेर पडताना मिळणाऱ्या पदविकेलाही बाजारात अजून फार किंमत नाही.

पैशांचं थोडक्यात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या, कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) आलेल्या मुलींना महाराष्ट्रात २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. त्यांना थांबण्याचा खर्च कमी. शैक्षणिक कर्ज असेल, तर सोडण्याआधी बँकेत जा, कारण हप्ते अभ्यासक्रम संपण्याशी बांधलेले असतात. आणि कॉलेजने "उरलेल्या वर्षांची फी भरा, मगच एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि मूळ कागद" असं सांगितलं, तर ते नियमात बसत नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला यूजीसीने २०१८मध्येच मनाई केली आहे आणि पुढच्या वर्षांची फी मागायला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मनाई आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि हे पाचव्या सेमची फी भरण्याआधी करा. त्याच जूनमध्ये नवा प्रवेश झाला, तर गॅपच्या प्रतिज्ञापत्राचीही कटकट उरत नाही.