पावतीवरचं चौथं अक्षर

माझे २१ हजार रुपये गेले आणि त्याच्या दोन देखण्या पावत्या आजही फोनमध्ये आहेत. हे कुणाला सांगूच नये असं खूपदा वाटलं. पण पावसाळ्यात मदतीचे मेसेज पुन्हा फिरू लागतात, म्हणून लिहितेय.

२३ सप्टेंबर २०२३, नागपूर. आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, भांडी आवरून झोपायलाच बारा वाजले. सकाळी बघतो तर अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी लोकांच्या घरात. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये चिखलच चिखल, मोरभवनच्या बसगाड्या पाण्यात. आम्ही मानेवाड्याला राहतो, आमच्याकडे काहीच झालं नाही. तेच मनाला लागलं असावं.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर एका संस्थेचं मदतीचं आवाहन आलं. आडवा पडलेला फ्रिज, मागे चिखलाने माखलेला मखर. फोटो खरे होते, आपल्याच गावचे होते, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. खाली क्यूआर कोड आणि एक ओळ: ‘८०जी अंतर्गत १०० टक्के करसवलत.’ ८०जी म्हणजे देणगीवर करसवलत देणारं आयकराचं कलम.

कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर संस्थेचं नाव नाही, कुणा एका माणसाचं. मी फोन केला. इतकी तरी अक्कल होती! पलीकडचा मुलगा फार गोड बोलायचा. “ताई, ते आमचे खजिनदार आहेत. संस्थेच्या खात्याचं काम बँकेत अडकलंय, आणि लोकांना तर आजच ब्लँकेट पाहिजेत.” मी ११ हजार पाठवले. पावतीसाठी पॅन आणि आधारचा फोटो मागितला, तोही दिला. पावतीला आधारचा फोटो कशाला लागतो, हे विचारायचं सुचलं नाही. दहा मिनिटांत पावती आली: शिक्का, सही, ८०जीचा नंबर. संध्याकाळी पुन्हा फोन. “ताई, अजून दहा टाकले तर पूर्ण २१ हजार टॅक्समधून वजा होतील.” टाकले.

खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या दहा हजारांत दया कमी आणि हिशेब जास्त होता.

आणि मग मी जे केलं त्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते. ती पावती ऑफिसच्या ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, ‘मी दिले, तुम्हीही द्या.’ तिघांनी दिले.

जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरायला भाच्याकडे बसले. तो सीएकडे काम करतो. मी ऐटीत पावत्या पुढे केल्या.

“मामी, पावती ठीक आहे, पण १०बीई कुठाय?”

“ते काय असतं?”

संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, १०बीडी, ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरायचं असतं. त्यातून प्रत्येक दात्याच्या नावाने १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि त्याच्याच आधारावर सवलत मागायची. मी संस्थेला फोन लावला, नंबर बंद. वेबसाइटही उघडेना.

भाच्याने पावती मोठी करून बघितली. “८०जीच्या नंबराची सुरुवात संस्थेच्या पॅनने होते. यातलं चौथं अक्षर वाच.”

“पी.”

“पी म्हणजे व्यक्ती, मामी. ट्रस्ट असती तर टी असतं, कंपनी असती तर सी. हा कुणातरी माणसाचा पॅन आहे बाप्पा!”

मग त्याने आयकर विभागाच्या साइटवर मंजूर संस्थांच्या यादीत शोधलं. अर्थातच काही सापडलं नाही. देण्याआधी मीही हे करू शकले असते, पाच मिनिटांचं काम.

सवलतीचा हिशेबही त्याने कागदावर मांडून दाखवला. मी जुन्या करप्रणालीत आहे, म्हणून निदान सवलत मागता तरी येते. नव्या प्रणालीत ८०जी मिळतच नाही. साधारण खासगी ट्रस्टला दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम वजा होते, तीही उत्पन्नातून, टॅक्समधून नव्हे, आणि त्यालाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा. म्हणजे खऱ्या संस्थेला २१ हजार दिले असते तरी १०,५०० वजा, आणि माझ्या २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट २,१८४ रुपये वाचले असते. शंभर टक्क्यांचीच हौस होती तर मुख्यमंत्री सहायता निधी होताच. तिथे पूर्ण रक्कम वजा होते, तरी वाचले असते ४,३६८. ‘पूर्ण २१ हजार टॅक्समधून’ हे कुठेच नसतं. आणि रोख देत असाल तर २ हजारांच्या वर सवलत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पण हा नंबर लगेच लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी दहा महिन्यांनी लावला. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आपल्या नावावर कुणी कर्ज तर उचललं नाही ना, म्हणून आता क्रेडिट रिपोर्ट अधूनमधून बघते.

ऑफिसमधल्या दोघांच्या पावत्या मागवून माझ्या पावत्यांशेजारी ठेवल्या. चारही पावत्यांवर शिक्का तसाच तिरका, सहीच्या त्याच वळणावर. चारदा हाताने मारलेला शिक्का असा पडत नाही.

त्या दोघांचे पैसे मी परत केले. तिसरे आमचे शिपाई काका. त्यांनी ५०१ दिले होते, पावती मागितलीच नव्हती. त्यांना टॅक्स लागतच नाही. पाकीट पुढे केलं तर म्हणाले, “म्हणजे मॅडम, त्या लोकांपर्यंत काहीच नाही पोहोचलं का?”

नाही म्हटलं. त्यांनी पाकीट घेतलं, न मोजता खिशात ठेवलं आणि चहा सांगायला गेले.