डिफ -आरक्यू : स्वतःचं टूल लिहायला बसण्याआधी हे वापरून बघा

बॅकअप खरंच पूर्ण झालाय का, डिस्क बदलताना काही मागे राहिलं नाही ना, हे बघायचं म्हटलं की प्रोग्रॅमिंग येणारा माणूस सरळ पायथन उघडतो आणि फाइलींचे हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढत बसतो. अरे पण दोन फाइली ताडून फरक दाखवणारी डिफ ही कमांड मशीनवर आहेच की! १९७४ पासून युनिक्समध्ये आहे, लिनक्स आणि मॅकवर मिळतंच, आणि ते फोल्डरवरही चालतं हे कितीतरी जणांच्या गावीही नसतं.

मायनस आर दिलं की आतल्या सगळ्या फोल्डरांत उतरतं, मायनस क्यू दिलं की ओळीओळींचा फरक न ओकता फक्त कुठली फाइल वेगळी तेवढं सांगतं, आणि एकाच बाजूला असलेली फाइल 'ओन्ली इन' म्हणून दाखवतं. झालं. मला आवडतं ते हे की तारखेवर विश्वास ठेवत नाही, फाइलच्या आत काय आहे ते बघतं. पायथनमधलं फोल्डर ताडायचं तयार डिरसीएमपी साइज आणि तारीख जुळली की फाइल उघडतच नाही, सारखी म्हणून मोकळं होतं (३.१३ पासून हे बंद करायची सोय आलीय). फाइली एकीकडून दुसरीकडे कॉपी करणाऱ्या आरसिंकचंही डिफॉल्ट तसंच, त्याला मायनस सी सांगावं लागतं. पण एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर असेल तर मात्र आरसिंकच, ड्राय रनमध्ये, म्हणजे मायनस एन लावून, काही न बदलता नुसतं काय होईल ते बघायला, आणि सोर्सच्या शेवटी स्लॅश द्या नाहीतर सगळंच नवीन आहे असं दाखवेल. सोर्समध्ये नसलेल्या फाइली समोरून उडवणारा डिलीट ऑप्शन लावणार असाल तर ते मायनस एन दोनदा बघून मग एंटर दाबा बरं का.

आता डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी. डिफ प्रोग्रेस अजिबात दाखवत नाही, मोठा फोल्डर दिला की चालू आहे की अडकलंय काही कळत नाही. वगळण्यासाठीच्या एक्सक्लूड ऑप्शनला फक्त फाइलचं किंवा फोल्डरचं नाव चालतं, पूर्ण पाथ नाही, त्यामुळे एका ठिकाणचा बिल्ड फोल्डर वगळा आणि दुसरीकडचा ठेवा असं जमत नाही. परमिशन तपासत नाही. फरक सापडला की एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) १ येतो, खरी गडबड झाली तर २, म्हणून स्क्रिप्टमध्ये सेट -ई (शून्याखेरीज कोड आला की थांब) असेल तर नुसता फरक सापडल्यावरही स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि माणूस भलतीकडेच बग शोधत बसतो. आणि मराठी नावांच्या फाइली असतील तर अजून एक गंमत, मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम 'दुसऱ्या' मधला ऱ फोडून र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा साठवते, मग लिनक्सवरच्या त्याच फाइलशी ताडलं की दोन्हीकडे 'ओन्ली इन', डोळ्यांना मात्र नावं अगदी सेम.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हलवलेली फाइल ओळखत नाही. फोल्डरचं नाव बदललं की इकडे एक गायब, तिकडे एक नवीन, एवढंच सांगणार. माझ्या मते स्वतःचं टूल लिहायचं खरं कारण हे एकच. लिहिणार असाल तर सगळ्याचे हॅश काढू नका. आधी साइज बघा, वेगळी असेल तर तिथेच विषय संपला. साइज सारखी असेल आणि दोन्ही फाइली त्याच मशीनवर असतील तर बाइट-बाइट ताडा, पहिला फरक दिसताच थांबता येतं, हॅशला दोन्ही फाइली शेवटपर्यंत वाचाव्याच लागतात. हॅश फक्त शेवटी दोन्हीकडे जोडी न मिळता उरलेल्यांचे, तेही ज्यांची साइज जुळते त्यांचेच, तेवढ्यात हलवलेल्या फाइली सापडतात. आउटपुट मात्र डिफसारखं एका ओळीत एक फाइल असंच ठेवा, रंगीत तक्ते काढत बसलात तर पुढे ग्रेप करताना (हव्या त्या ओळी शोधताना) स्वतःलाच शिव्या घालाल.